शाळा सुटल्यानंतरची ताई

शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा वेळ मुलांसाठी राखायचा आणि त्या वेळात ओळखीच्या एकाच माणसाने त्यांच्याशी बोलायचे, ही पद्धत दूरचित्रवाणीने रेडिओकडून घेतली. बीबीसीचा 'चिल्ड्रन्स अवर' 1922 पासून 1964 पर्यंत चालला. त्यातले डेरेक मॅककलक ब्रिटनभरच्या मुलांचे 'अंकल मॅक' झाले होते. पुणे आकाशवाणी केंद्र 1953 मध्ये सुरू झाले. तिथल्या 'बालोद्यान'ला 'आनंद' मासिकाचे संपादक गोपीनाथ तळवलकर यांचा हात लाभला. भाषा कोणतीही असो, निवेदक मुलांचा मास्तर नव्हे, नातलग असे. काका, नाना, ताई किंवा दीदी.

या नात्यामागे व्यवहारही होता. मुलांसाठी चित्रपट किंवा ॲनिमेशन तयार करणे महाग पडते. एक बैठक, एक कॅमेरा, दोन-चार बाहुल्या आणि बोलके माणूस एवढे असले की अर्धा तास सहज निघतो. गोष्ट, कोडे, हस्तकला, मुलांनी पाठवलेली चित्रे असे तुकडे निवेदक आपल्या बोलण्यात ओवतो. अमेरिकेत 1947 च्या डिसेंबरात 'हाउडी डूडी' सुरू झाला, तोही कळसूत्री बाहुली आणि बॉब स्मिथ यांच्या जोडीवरच. बीबीसीने 1985 मध्ये तर उद्घोषकाच्या चिंचोळ्या खोलीतूनच दुपारच्या बालकार्यक्रमांचे निवेदन सुरू केले. तिला नाव पडले 'झाडूचे कपाट', आणि तीच खोली प्रेक्षकांची लाडकी झाली. याच ब्रिटनमध्ये 1957 पर्यंत संध्याकाळी 6 ते 7 प्रक्षेपण बंद ठेवत, म्हणजे आईबापांना मुले झोपवता यावीत. आपल्याकडे त्या वेळी कोणते मूल झोपले असते, हा प्रश्न वेगळा.

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. प्रक्षेपण संध्याकाळचेच, तेही मोजक्या तासांचे, आणि शहर अनेक भाषांचे. त्यामुळे बालकार्यक्रमही भाषांमध्ये वाटले गेले. मराठीत 'किलबिल', गुजरातीत 'संताकुकडी', हिंदीत 'खेल खिलौने', इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प'. चाळीतल्या किंवा शेजारच्या एकाच संचासमोर बसलेली मुले भाषा पाहून उठून जात नसत. कृष्णधवल पडद्यावर जे दिसेल ते आपलेच. मराठी घरातल्या मुलांना 'संताकुकडी' हे नाव आजही पाठ असते ते यामुळेच. 'खेल खिलौने'च्या मंजू सिंह सुमारे 7 वर्षे 'दीदी' म्हणून मुलांपुढे आल्या. 1979 च्या 'गोलमाल' चित्रपटात अमोल पालेकरांच्या धाकट्या बहिणीची भूमिका त्यांनीच केली, म्हणजे पडद्यावरचे नातेही फारसे बदलले नाही.

मराठी मुले महाराष्ट्राबाहेरही होती; मुंबईच्या मनोऱ्याचा पल्ला मात्र ग्वाल्हेरपर्यंत पोचण्यासारखा नव्हता. शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागात खासगी बाजार हे नावच मराठी राजवटीची खूण सांगते. राजाच्या खासगीकडचा तो बाजार. पण तिथल्या मराठी घरांतल्या मुलांच्या वाट्याला ना 'किलबिल' आली, ना ताई. 1982 नंतर राष्ट्रीय कार्यक्रम देशभर पसरला, तोही दिल्लीहून आणि हिंदीतून. इन्सॅट उपग्रहावरच्या शालेय प्रक्षेपणातही मध्य प्रदेशाच्या वाट्याला हिंदीच आली.

महाराष्ट्रात हेच शालेय प्रक्षेपण मराठीतून होई. त्यासाठी पुण्यात 1984 मध्ये 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. तिचे कार्यक्रम सकाळी, शाळेच्या वेळात लागत. वर्गात संच असेलच असे नसल्याने ते खरे पाहिले दुपारच्या शाळेच्या मुलांनी, घरी, दप्तर भरता भरता. शाळा सुटल्यानंतरचा कार्यक्रम असा उलटा फिरून शाळा भरण्याआधीचा झाला. विज्ञानाचे प्रयोग, बाहुल्या आणि गाणी यांतून शिकवणारी ही संस्था 2017 मध्ये शासनाने बंद केली.

तोवर संध्याकाळचा तासच विरघळून गेला होता. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर डिज्नीची 'डक टेल्स' हिंदी बोलू लागली. सोनी वाहिनीच्या 'डिज्नी अवर'मध्ये विशाल मल्होत्रा कार्टूनांच्या मधल्या जागा भरू लागले. निवेदक अजून होता, पण मुले आता त्याच्यासाठी नव्हे, पुढच्या कार्टूनसाठी बसत. 1995 मध्ये भारतात आलेल्या कार्टून नेटवर्कने तीही गरज संपवली. चोवीस तास कार्टूनच चालू असेल तर 'चला, आता आपली वेळ झाली' असे म्हणायला कोणी लागतच नाही. 2004 मध्ये पोगो, हंगामा आणि डिज्नी या तिन्ही वाहिन्या अवतरल्या. पोगोवरच्या 'मॅड'मध्ये रॉब कागद, डिंक आणि रंग घेऊन मुलांशी बोले, तो या जुन्या परंपरेचा बहुधा शेवटचा मोठा वारसदार.

दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी 1994 मध्ये आली आणि पुढे 'सह्याद्री' झाली. मुंबईच्या मनोऱ्याला न जमलेले काम तबकडीने केले. मराठी पडदा ग्वाल्हेरच्या घरातही उघडला. कोरोनाकाळात शाळा बंद असताना 20 जुलै 2020 पासून याच वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' लागू लागली. पाठ्यपुस्तक वाचून दाखवण्याऐवजी घरातल्या वस्तूंनी करून पाहण्याच्या कृती तिने दिल्या. या वेळी शाळा सुटायची वाट पाहावी लागत नव्हती, कारण ती भरतच नव्हती.