‘आयसी गेली’ म्हणण्याआधी

जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरची एक बाजू मुकी झाली, की झाकण उघडण्याआधीच निदान ऐकू येते: ‘आयसी गेली.’ बोटीवर किंवा आखातात नोकरी केलेल्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत आणलेले सान्सुई, पायोनियर, अकाई गोव्यातल्या घरांत अजून आहेत. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी संचांच्या आउटपुटला आयसी नसतेच. तिथे सुटे ट्रान्झिस्टर असतात. नसलेली वस्तू जाते कशी, हे निदान करणाऱ्यालाच ठाऊक.

आउटपुटचा ट्रान्झिस्टर खरोखर जळला, तर तो बहुधा शॉर्ट होतो. मग फ्यूज उडतो, नाहीतर संरक्षक रिले लागतच नाही आणि दोन्ही बाजू गप्प राहतात. एकच बाजू येते-जाते, बटण फिरवले की खरखर होते, आवाज मोठा केला की मेलेली बाजू एकदम जागी होते, ही लक्षणे घाणेरड्या संपर्काची. स्विच आणि रिले यांच्या संपर्कबिंदूंवर बऱ्याचदा चांदी असते, आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे ती काळी पडते; देवघरातले चांदीचे निरांजन पडते तशीच. गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या मये गावाच्या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाणी चालू असल्या, की तिथे खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळही घरात येते. झाकणाच्या जाळीतून आत गेलेली धूळ पावसाळ्यात ओल धरून बसते.

तपासणीला सोल्डरिंग लागत नाही. संच बंद करून स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या बदलाव्यात. मुकेपणा स्पीकरबरोबर सरकला, तर दोष स्पीकरचा किंवा वायरीचा. न सरकला, तर मागच्या इनपुटच्या पिना तशाच बदलाव्यात. आता सरकला, तर दोष प्लेअरचा किंवा कॉर्डचा. तरीही जागचा हलला नाही, तरच अ‍ॅम्प्लिफायर दोषी. मग प्लग काढून सिलेक्टर, बॅलन्स आणि व्हॉल्यूममध्ये काँटॅक्ट क्लीनर मारावा आणि प्रत्येक वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. दोन्ही बाजू गप्प असतील, तर त्याआधी टेप मॉनिटरचे बटण पाहावे. ते दाबलेले राहिले, की संच नसलेल्या टेपडेककडून आवाजाची वाट पाहत बसतो.

इथे दुसरा गैरसमज येतो, की कुठलाही स्प्रे चालतो. डब्ल्यूडी-४० हे नावच ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’चे, म्हणजे पाणी हटवण्याचे, १९५३ मध्ये ते गंज रोखण्यासाठी बनले. त्याचा तेलकट थर व्हॉल्यूममध्ये धूळ गोळा करतो.

‘कपाटात ठेवलेला संच नव्यासारखा असतो’, हेही खोटे. निचिकॉनसारख्या उत्पादकांच्या मार्गदर्शिका सांगतात, की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फार काळ पडून राहिला तर त्याची गळतीची धारा वाढते. म्हणून सगळेच कपॅसिटर बदलायचे असेही नाही. मोजून जो खराब तो बदलावा. त्यांच्या बुडाशी दिसणारा तपकिरी चिकटा दर वेळी गळती नसतो, अनेकदा कारखान्यातला गोंद असतो. पण जुना झाला की तोच तारा खातो, तेव्हा खरवडून काढावा. जपानच्या बाजारासाठीचा संच १०० व्होल्टचा असतो. २३० व्होल्टवर थेट लावायचा नाही. आणि फ्यूजच्या जागी जाड तार घालणे ही दुरुस्ती नव्हेच.

प्लग काढल्यावरही मुख्य कपॅसिटरांत वीज उरते. ती स्क्रूड्रायव्हर टेकवून नव्हे, रेझिस्टरमधून उतरवावी. उघडलेला संच पुन्हा चालू करताना जुन्या तारेच्या शंभर वॉट बल्बचा सिरीज बोर्ड मध्ये घ्यावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला, तर आत शॉर्ट आहे, आणि आता ट्रान्झिस्टरवर संशय घ्यायला हरकत नाही.