कापसाच्या भावाचं गणित

भाव आज पन्नासने चढला, उद्या तीसने उतरला, ही मराठवाड्यातल्या मानवत-सेलूच्या कापूस बाजारातली रोजची बोली. पण माल तीन महिने घरात ठेवला, तर भाव किती हलू शकतो?

याचं जुनं उत्तर फ्रेंच गणिती लुई बाशेलिए याने 1900 मध्ये मांडलं. भाव नाणेफेकीसारखा कधी वर, कधी खाली जातो. चढ-उतार एकमेकांना बरेचसे खोडतात, म्हणून शंभर दिवसांतला बदल एका दिवसाच्या शंभरपट होत नाही. तो शंभराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहापट होतो. समजा, भाव 7,000 रुपये क्विंटल आहे आणि रोज साधारण 70 रुपयांचा फरक पडतो. मग शंभर दिवसांत साधारण 700 रुपये इकडे किंवा तिकडे.

गणिती बेन्वा मँडेलब्रॉटने हा हिशेब 1963 मध्ये तपासला, तोही कापसावरच. अमेरिकेतले जुने भाव मांडल्यावर रोजच्या बदलांचा आलेख आणि महिन्याच्या बदलांचा आलेख एकाच घडणीचे निघाले. फरक फक्त मापाचा. मात्र ते माप वर्गमुळाहून वेगाने वाढत होतं. त्याच्या हिशेबाने शंभर दिवसांचा बदल दहापट नाही, जवळपास पंधरापट होतो. म्हणजे आपल्या उदाहरणात 700 नव्हे, 1,050 रुपये.

असं का? कारण भाव अधूनमधून एकदम उसळतो किंवा कोसळतो, आणि अशा उड्या नाणेफेकीच्या गणितापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात. त्या पुढच्या बारीकसारीक चढ-उतारांनी खोडल्या जात नाहीत. शिवाय मोठ्या बदलामागून मोठा बदल येतो, मग तो कोणत्याही दिशेचा असो. पुढच्या संशोधकांनी मँडेलब्रॉटचा नेमका आकडा बदलला, पण मोठ्या उड्यांचा मुद्दा टिकला.

2021-22च्या हंगामात कापूस दहा हजारांवर गेला. पुढच्या वर्षी त्याच आशेने मराठवाड्यात अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि भाव उतरत गेला. मोठी उडी कधी येणार, हे गणित सांगत नाही. वर की खाली, तेही सांगत नाही.

म्हणून शांत आठवड्यावरून हंगामाचा धोका मोजू नका. सगळा माल एकाच दिवसाच्या भावावर न लावता टप्प्याटप्प्याने विका. आणि हमीभाव ध्यानात ठेवा: 2025-26साठी लांब धाग्याच्या कापसाला तो 8,110 रुपये क्विंटल आहे.