पट्टा आता बदलावा की दिवाळीनंतर?

सेकंडहँड गाडी घेतली, की पहिल्याच सर्व्हिसिंगला मेकॅनिक एक यादी सांगतो. टायमिंग बेल्ट कधी बदलला माहीत नाही, ब्रेक ऑइल जुने आहे, कूलंट बदलायला हवे, टायरही पाहून घ्या. गाडी तर व्यवस्थित चालत असते आणि शिल्लक गाडी घेण्यातच संपलेली असते. मग वाटते, दिवाळीपर्यंत थांबू. हा निर्णय आपण बहुधा खिशाकडे पाहून घेतो. पण त्यात थोडे यंत्रशास्त्र आहे, थोडी संभाव्यता आहे, आणि गणित दहावीच्या पलीकडचे नाही.

आधी टायमिंग बेल्ट म्हणजे काय ते पाहू. पिस्टन क्रँकशाफ्टला फिरवतात, आणि व्हॉल्व्ह उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा बरोबर एक झाला पाहिजे. हा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. आत काचतंतूंसारखे मजबूत धागे असतात. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने ६०,००० किलोमीटर जायला १,५०० तास लागतात. इंजिन मिनिटाला सरासरी २,००० फेरे घेत असेल, तर एवढ्या वेळात क्रँकशाफ्ट १८ कोटी वेळा फिरतो. शिवाय गाडी उभी असली तरी उष्णतेने आणि वयाने रबर कडक होतच असते. म्हणून कंपन्या बदलण्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्हींत देतात. (सगळ्याच गाड्यांना पट्टा नसतो. मारुती ८०० ला पट्टा होता, मारुतीच्या पुढच्या के-मालिकेतील इंजिनांना साखळी आहे.)

पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँकशाफ्ट मात्र गतीच्या जोरावर आणखी फिरतो. काही इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह यांच्यात पुरेशी जागा असते. तिथे गाडी फक्त बंद पडते. पण अनेक इंजिनांत पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. आपले इंजिन यांपैकी कोणते, हे मेकॅनिकला अवश्य विचारावे.

‘इतकी वर्षे टिकला, आणखी सहा महिने टिकेल,’ हा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. तो कधी बरोबर असतो? बिघाड फाशासारखा असेल तेव्हा. फाशाला मागची दाने आठवत नाहीत. समोरच्या काचेवर दगड उडून येण्याची शक्यता काच जुनी झाली म्हणून वाढत नाही. पट्ट्याचे तसे नाही. प्रत्येक फेऱ्याची खूण त्यात साठत जाते, आणि मुदत उलटल्यावर त्याचे टिकणे हाच धोक्याचा भाग असतो. झाकण काढून पाहिल्यावर भेगा दिसल्या तर निकाल लागलाच. पण दिसल्या नाहीत म्हणून पट्टा चांगला, असे सिद्ध होत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलासाठी काम करणारे जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांच्या लक्षात आले, की ठरावीक तासांनी होणाऱ्या तपासणीनंतर विमानांचे बिघाड कमी होण्याऐवजी वाढतात. चांगले चालणारे भाग उगाच उघडल्याने नवे दोष शिरत होते. तेव्हा मेकॅनिकच्या यादीतले सगळेच तातडीचे, असे मुळीच नाही.

आता गणित. पट्टा बदलायला ८,००० रुपये आणि तुटल्यास एकूण ५०,००० रुपये लागतील असे धरू. (आकडे उदाहरणापुरते, आपल्या गॅरेजचे घालावेत.) सहा महिने थांबल्याने किती वाचले? ८,००० हे उत्तर चूक आहे, कारण तो खर्च पुढे आहेच. १० टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज वाचले, म्हणजे ४०० रुपये. ‘पण मग पुढचा पट्टाही सहा महिने उशिराच बदलायचा ना?’ असे एखादी हुशार मुलगी विचारील. तिचे बरोबर आहे. पट्टा पाच वर्षांचा धरला तर सहा महिन्यांचे ८०० रुपये होतात. एकूण बचत १,२००. उलट, मधेच पट्टा तुटला तर जादा भुर्दंड ४२,०००. १,२०० भागिले ४२,००० म्हणजे सुमारे ०.०३. तुटण्याची शक्यता शंभरात तीनपेक्षा कमी असल्याची खात्री असेल तरच थांबणे फायद्याचे. ज्याचे वयच माहीत नाही अशा पट्ट्याबद्दल ही खात्री कोण देणार?

मात्र गाडी सहा महिन्यांत मोडीतच काढायची असेल तर उत्तर बदलते. तेव्हा पूर्ण ८,००० वाचतात. गाडीची किंमत ४०,००० आणि मोडीचे १०,००० येणार असतील, तर पट्टा तुटल्याने जास्तीत जास्त ३०,००० बुडतील. आता सीमा शंभरात २७ वर जाते. तिथे थांबायला हरकत नाही. गाडी दुसऱ्याला विकणार असाल तर मात्र पट्ट्याची गोष्ट त्याला सांगा.

ब्रेक ऑइलला हे गणित लावू नये, कारण तिथले नुकसान आपल्यापुरते राहत नाही. हे द्रव हवेतील बाष्प शोषते. ताज्या डॉट ३ प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले, की तो १४० पर्यंत उतरू शकतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना उंची सुमारे १,२०० मीटरने कमी होते. १,००० किलो वजनाच्या गाडीची तेवढी स्थितिज ऊर्जा म्हणजे १२० लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेने २७ अंशांचे जवळजवळ ४० लिटर पाणी उकळीला येईल. काही भाग हवेचा विरोध आणि इंजिन घेते, म्हणून तर उतारावर खालचा गिअर ठेवायचा. उरलेली उष्णता ब्रेकमध्ये जाते. द्रव उकळले की नळ्यांत वाफ होते. द्रव दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. मग पेडल तळाला टेकते आणि ब्रेक लागत नाही. सपाट रस्त्यावर वर्षभर याची चाहूलही लागलेली नसते. यादीत हे काम सहसा स्वस्तांपैकी असते. ते आधी करावे.

इंजिन ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहत असाल, तर ते बदलायला थोडा उशीर चालतो. पातळी कमी असताना गाडी चालवणे चालत नाही. कूलंटचे गंजरोधक गुण हळूहळू संपतात, तिथेही दोन-चार आठवडे मिळतात. एसी आणि खडखडणारे दार खुशाल दिवाळीनंतर.

टायरची जन्मतारीख त्याच्या बाजूवरच कोरलेली असते. २३१९ असे चार आकडे असतील, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर बाद. मुलांना घेऊन शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांचे हे आकडे वाचून पाहा. आपल्या गाडीपासून सुरुवात करायला हरकत नाही.