अकरा अक्षरे आणि पाच कोटी ठिपके

बेंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनातून हासनकडे इंटरसिटी जाते. तिच्या वाटेवर श्रवणबेळगोळ लागते. तिथे उतरून विंध्यगिरीच्या पायऱ्या चढल्या, की 57-58 फूट उंचीची गोमटेश्वराची एकसंध मूर्ती समोर उभी राहते, आणि तिच्या पायांजवळच्या शिळेवर नागरी लिपीत एक मराठी ओळ दिसते. अक्षरे मोजली तर अकरा. हे चावुंडराजाने (गंग राजांचा मंत्री चामुंडराय) करविले, एवढाच तिचा अर्थ. एवढ्या प्रचंड मूर्तीसाठी अकरा अक्षरे, आणि त्या अकरा अक्षरांवर मराठीच्या अभ्यासकांनी शंभरहून अधिक वर्षे खर्च केली आहेत.

मूर्ती 981च्या सुमाराची. ओळ तेव्हाचीच की नंतरची, हा वाद. जवळच दुसरी मराठी ओळ आहे, ती होयसळ सेनापती गंगराजाने भोवतालचे आवार बांधल्याची, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभाची. दोन्ही ओळींतल्या अक्षरांची वळणे सारखी दिसतात, म्हणून काही अभ्यासक दोन्ही एकाच वेळच्या मानतात. ते खरे असेल तर आपल्या भाषेच्या एका फार जुन्या वाक्याचे वय सव्वाशेहून अधिक वर्षांनी कमी होते. इतका मोठा फरक कशावरून ठरायचा? एका वेलांटीच्या वळणावरून, एका काना-मात्रेच्या ठेवणीवरून.

पण मला थक्क करतो तो आकडा वेगळाच आहे. म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे बेंजामिन लुईस राइस यांनी 1889 साली श्रवणबेळगोळचे लेख छापले, ते 144 होते. त्याच खात्याचे आर. नरसिंहाचार यांनी 1923 साली तोच खंड सुधारून काढला, तेव्हा लेख झाले 500. 1973च्या आवृत्तीत 573. चौऱ्याऐंशी वर्षांत तिथल्या डोंगरांवर कुणी नवे प्राचीन लेख कोरायला गेले नव्हते. कातळ तोच होता, अक्षरे तीच होती. समोरच्या चंद्रगिरी टेकडीवरचे कितीतरी लेख तर पायाखालच्या खडकावरच आहेत. यात्रेकरू त्यांच्यावरून चालत होते. वाढले ते फक्त पाहणे. वारशाच्या अभ्यासातला कोणताही आकडा वाचताना मी ही तीन संख्यांची शिडी आठवतो: 144, 500, 573. आज जो आकडा आपल्याला पूर्ण वाटतो, तो बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरचा असतो.

राइस यांना कमी लेखायचे मुळीच नाही. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे 12 खंड, 1886 ते 1905, सुमारे 9,000 लेख. विजेऱ्या नाहीत, मोटारी नाहीत, आणि गावोगावच्या देवळांत, तळ्यांच्या बांधांवर, शेतांत उभ्या असलेल्या दगडांपाशी पोचायचे. पुढे पुरालेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी साऱ्या भारतातल्या सापडलेल्या लेखांचा अंदाज केला तो 90,000च्या घरातला. रोज एक लेख शोधायचा, वाचायचा आणि छापायचा, एकही सुट्टी न घेता, तर एवढ्यासाठी 246 वर्षे लागतील.

एक लेख म्हणजे किती काम, हे ठसा घेताना जवळून पाहिले तरच कळते. आधी दगड पाणी आणि ब्रशने धुवायचा. शेवाळ, चुना, देवाला लावलेले तेल, सगळे हलक्या हाताने काढायचे. मग ओला कागद दगडावर पसरायचा आणि दाट केसांच्या ब्रशाने ठोकत जायचे. कागद हळूहळू अक्षरांच्या खाचांत उतरतो. फार जोरात ठोकला तर फाटतो, हळू ठोकला तर उथळ अक्षरे त्यात उतरतच नाहीत. तो अर्धवट सुकला, की कापडाच्या बोळ्याने शाई टिपत जायची. वरचा भाग काळा होतो, खाचा पांढऱ्या राहतात. थोड्या वेळाने काळ्या कागदातून पांढरी अक्षरे वर येतात, आणि भोवती जमलेल्या गावकऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतो, काय लिहिलंय?

आता याच कामाला नवे डोळे मिळाले आहेत. बेंगळुरूची मिथिक सोसायटी 2021 पासून शहराच्या परिसरातल्या शिलालेखांची त्रिमितीय प्रतिकृती तयार करत आहे. ही संस्था स्थापन झाली 1909 साली. स्कॅनर दगडावर प्रकाश टाकतो आणि प्रत्येक ठिपक्याची खोली नोंदवतो. आकडा आपणच काढून पाहू. समजा दगड एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच आहे, आणि दोन ठिपक्यांमधले अंतर 0.2 मिलिमीटर धरले. एका चौरस मिलिमीटरमध्ये 25 ठिपके, आणि दगडाचे क्षेत्रफळ 20 लाख चौरस मिलिमीटर. म्हणजे पाच कोटी ठिपके, एका दगडाचे. सेकंदाला एक या वेगाने कुणी ते मोजू लागला, तर रात्रंदिवस मोजूनही एक वर्ष सात महिने लागतील. अंतर निम्मे केले की ठिपके चौपट: वीस कोटी.

यातून मिळते काय? झिजलेले अक्षर. थेट समोरून पडणाऱ्या उन्हात दगड सपाट दिसतो, कारण खाचेत सावली पडत नाही. संगणकावर मात्र हवा तेव्हा, हव्या त्या बाजूने तिरपा उजेड टाकता येतो. जिथे ठशाचा कागद खाचेत उतरला नाही तिथे पुसट रेघ दिसते, आणि ‘न’ आहे की ‘त’ हा जुना वाद कधी कधी मिटतो. दगड उद्या फुटला, गटारात गेला, तरी पाच कोटी ठिपके राहतात. तरीही जाणकार अभ्यासक समोर नसेल तर हे ठिपके मुकेच राहतात. वाचणारा माणूस लागतो, जुनी कन्नड, ग्रंथ, तमिळ, नागरी लिपी जाणणारा. अशी माणसे थोडी आहेत, आणि मला काळजी वाटते ती यंत्रांची नाही, त्यांचीच.

यशवंतपूरहून दक्षिणेला थोड्याच अंतरावर मल्लेश्वरम. तिथल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी 1669चा लेख आहे. त्यात मल्लपुराच्या मल्लिकार्जुनासाठी मेदरनिंगनहळ्ळी गाव दिल्याची नोंद आहे. दान देणारा एकोजी, म्हणजे शहाजीराजांचा मुलगा, शिवरायांचा सावत्र भाऊ. लेख कन्नडमध्ये आहे. मराठी राजपुत्राने इथे दान दिले ते इथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत. आणि पुढे त्याच्याच वंशातल्या सरफोजी दुसऱ्याने 1803 साली तंजावरच्या बृहदीश्वर देवळाच्या भिंतींवर भोसल्यांचा इतिहास कोरवला तो मराठीत. भाषा आणि राज्य यांच्या आजच्या रेषा घेऊन या दगडांपाशी गेलो तर ते आपल्याला चुकीचेच ऐकू येतील.

हेब्बाळ तर यशवंतपूरच्या शेजारीच. 2018 साली तिथे एक वीरगळ पुढे आला, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला, सुमारे 750चा. लढाईत पडलेल्या कित्तय्याचा. राइस यांच्या यादीत तो नव्हता. शंभराहून अधिक वर्षे अभ्यास झालेल्या शहरात बेंगळुरूचा सर्वांत जुना कन्नड लेख परवा-परवा सापडतो! 1901च्या जनगणनेत या शहराची वस्ती दीड लाखाच्या थोडी वर होती. 2011 मध्ये बेंगळुरू शहर जिल्ह्यात 96 लाख माणसे होती. राइस यांनी ज्या शेतांच्या बांधांवर दगड पाहिले, तिथे आज इमारतींचे पाये आहेत.

आणि ज्या दगडावर बेंगळुरूचे बरेचसे लेख कोरले आहेत, तो लालबागेच्या टेकडीसारखा नीस खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा. ती सारी 300 कोटी वर्षे एका वर्षात बसवली, तर एक सेकंद म्हणजे 95 वर्षे. कित्तय्या तेरा सेकंदांपूर्वी पडला, एकोजीचे दान चार सेकंदही जुने नाही. खडकाच्या हिशेबात अक्षरे आत्ताच उमटली आहेत. त्यांना झिजवणारे ऊन-पाऊस जुने असले, तरी त्यांना मोडणारे हात मात्र आपल्या काळातले आहेत.

दगड निदान उघड्यावर दिसतात. कागदाचा पसारा याहून मोठा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे 35,000 रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, त्यांतले 27,000हून अधिक मराठीचे. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात 45 भाग छापले, त्यांत साडेआठ हजारांच्या आसपास कागद. एका रुमालात नुसते हजार कागद धरले, तरी मराठी कागद होतात दोन कोटी सत्तर लाख. म्हणजे साधारण तीन हजारांमागे एक छापला गेला. हे कागद ज्या लिपीत आहेत त्या मोडीत तरबेज असलेल्या एका माणसाने रोज शंभर कागद वाचले, तर त्याला 739 वर्षे हवीत. असे वीस वाचक बसवले, तरी 37 वर्षे. मोडी शिकायला जाणाऱ्या तरुणाला मी म्हणूनच कधी विचारत नाही, याचा उपयोग काय.

तुमच्या वाड्याच्या कोपऱ्यात, गावच्या पारावर, यशवंतपूरच्या एखाद्या गल्लीतल्या देवळापाशी कोरीव अक्षरांचा दगड असेल, तर त्याला ऑइलपेंट लावू देऊ नका, तो घासू नका, हलवूही नका. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे असताना त्याचा फोटो घ्या, जागेचे नाव आणि आजचा दिवस लिहून ठेवा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा.