सोन्याच्या खाणी आणि सीमेपलीकडील मजूर

१८८६ साली ट्रान्सव्हालमधील विटवॉटर्सरँड येथे सोन्याचा मोठा साठा सापडला. पुढील शंभर वर्षे मोझांबिक, बासुतोलँड (आजचे लेसोथो), न्यासालँड (आजचे मलावी), बोट्स्वाना, स्वाझीलँड अशा शेजारच्या मुलुखांतून तरुण माणसे त्या दिशेने जात राहिली. हे स्थलांतर समजून घ्यावयाचे, तर प्रथम त्या सोन्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. साठा अफाट होता, परंतु धातुक अतिशय हलक्या प्रतीचे. काही ग्रॅम सोन्यासाठी टनावारी खडक फोडावा लागे, आणि तोही दिवसेंदिवस अधिक खोल जाऊन. सोन्याची किंमत आंतरराष्ट्रीय व्यवस्थेने ठरविलेली असल्यामुळे खाणमालकांना ती वाढविता येत नसे. यंत्रे आणि सुरुंगाची दारू यांच्या खर्चातही फारशी काटछाट शक्य नव्हती. गोऱ्या कामगारांच्या पाठीशी संघटना होती आणि मतदानाचा हक्कही होता. उरली ती कृष्णवर्णीय मजुराची मजुरी. फ्रान्सिस विल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९११ ते १९६९ या काळातील वेतनाचा हिशेब मांडला, तेव्हा महागाई जमेस धरता १९६९ सालचे हे वेतन १९११ सालच्या वेतनाहून अधिक नव्हते, असे दिसून आले.

मग माणसे तेथे जात तरी का? वसाहतींच्या सरकारांनी प्रत्येक झोपडीवर कर बसविला होता, आणि तो रोख पैशांतच भरावा लागे. धान्याने भरलेली कणगी त्या कामी निरुपयोगी होती. बासुतोलँडच्या बाबतीत आणखी एक कारण होते. ऑरेंज फ्री स्टेटबरोबरच्या युद्धानंतर कॅलेडन नदीच्या पश्चिमेकडील सुपीक जमीन १८६९ च्या तहाने कायमची गेली, आणि एके काळी शेजाऱ्यांना धान्य विकणारा हा समाज डोंगरउतारांवर रेटला गेला.

खाणमालकांनी आपसांतील चढाओढ टाळण्यासाठी मजूरभरतीच्या सामाईक संस्था काढल्या. करार साधारणपणे वर्ष-दीड वर्षाचा असे. मुदत संपताच मजुराने मायदेशी परतलेच पाहिजे, कुटुंबाला बरोबर आणता कामा नये, आणि राहावयाचे ते खाणीच्या आवारातील पुरुषांच्या बराकींत, असा नियम होता. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांत गेलेले भारतीय गिरमिटिये करार संपल्यावर तेथे स्थायिक होऊ शकत होते. खाणीतील या मजुराला ती वाट बंद होती. या नियमामागील हिशेब सरळ होता. कुटुंब गावाकडे शेतीवर जगते असे गृहीत धरून वेतन एकट्या पुरुषापुरते ठरविले जाई. बाळंतपण, आजारपण, म्हातारपण हा सारा भार गावाने सोसावयाचा. म्हणजे मजुरीचा जो भाग खाण देत नव्हती, तो गावचे शेत आणि त्यावर राबणारी स्त्री भरून काढीत होती.

या व्यवहारात सरकारेही वाटेकरी होती. मोझांबिकमधील पोर्तुगीज सत्तेने १९२८ च्या कराराने मजुरांच्या वेतनाचा काही भाग ते परतल्यावर देण्याची सोय केली. पुढे ही रक्कम पोर्तुगालला सरकारी दराने सोन्यात मिळे. मजुराच्या हाती मात्र स्थानिक चलन पडे. स्वतंत्र लेसोथोने १९७४ च्या कायद्याने वेतनाचा ६० टक्के भाग मायदेशातील बँकेत ठेवणे सक्तीचे केले.

लेसोथोतील घरांची स्थिती विशेष विचारात घेण्याजोगी आहे. १९८० नंतरच्या दशकात राष्ट्रीय उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग खाणकामगारांच्या कमाईतून येत होता. नांगरणीच्या दिवसांत कर्ता पुरुष परदेशी असे, आणि शेत बाईच्या अंगावर पडे. परंतु २००६ चा कायदा होईपर्यंत विवाहित स्त्रीला कायद्याने अज्ञानाचाच दर्जा होता. कर्ज काढावयाचे तरी नवऱ्याची संमती हवी, आणि नवरा शेकडो किलोमीटर दूर, जमिनीखाली! पुरुष आपली शिल्लक पुष्कळदा गुरांत गुंतवीत. परदेशी तज्ज्ञांना हा अडाणीपणा वाटला. प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. घरच्या रोजच्या मागणीपासून पैसा राखून ठेवण्याचा, खाण सुटल्यावर उपयोगी पडेल असा तो एक मार्ग होता.

एका देशावरील हे अवलंबन किती ठिसूळ होते, ते १९७४ साली दिसले. मजुरांना घेऊन निघालेले विमान बोट्स्वानातील फ्रान्सिसटाउनजवळ कोसळून सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मलावीचे अध्यक्ष बांडा यांनी भरतीच थांबविली. त्या वेळी मलावीचे लाखाहून अधिक मजूर खाणींत होते. पुढील वर्षी मोझांबिक स्वतंत्र झाले, आणि तेथूनही येणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली. सोन्याचा भाव आता मोकळा होऊन चढला होता. खाणींनी वेतन वाढविले व स्वदेशी मजूर घेण्यास प्रारंभ केला. १९९० नंतर खाणीच बंद पडू लागल्या, तेव्हा लेसोथोतील हजारो पुरुष कायमचे घरी परतले.

परतताना अनेकांनी फुप्फुसांत खडकाची धूळ आणली. सिलिकोसिस हा रोग काम सुटल्यावर कित्येक वर्षांनीही प्रकट होतो, आणि त्याच्या आधाराने क्षय बळावतो. २०१८ साली सोनेखाण कंपन्यांनी रोगग्रस्तांशी सुमारे पाच अब्ज रँडची तडजोड केली, आणि २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाने तीस मान्यता दिली. भरपाईचा हक्क शेजारच्या देशांतील माजी कामगारांना व मृतांच्या वारसांनाही आहे. त्यासाठी खाणीतील नोकरीचा आणि रोगाचा पुरावा सादर करावा लागतो, आणि डोंगराळ मुलुखात दूरवर राहणाऱ्या वृद्ध विधवेला तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा कागद शोधून काढणे सोपे नाही.