पनवेलच्या बोली आणि आमचा न्याय

1849 सालीं पनवेल येथें बेथ एल या नांवाचें एक यहुदी प्रार्थनामंदिर उभें राहिलें, हें त्या शहराच्या नव्या वस्तींतील पुष्कळांच्या कानीं आलें नसेल. तें बांधणारे बेने इस्रायल लोक कुलाब्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून गांवकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचा धर्म निराळा, प्रार्थनेची भाषा हिब्रू. पण घरांतील अंगाई आणि भांडण दोन्ही मराठींत. पेणकर, रोहेकर, नवगांवकर अशीं आडनांवें त्यांनीं आपापल्या गांवांवरून घेतलीं. त्यांच्या वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा हागादा मराठी भाषांतरासह मुंबईस 1846 सालींच छापला गेला होता. पुढें त्यांनीं कीर्तनाची पद्धतिही उचलली आणि तींत मोशे व दावीद यांचीं आख्यानें बसविलीं. 1948 नंतर त्यांतील बहुतेक इस्रायलांत गेले. तेथें त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका काढण्यांत आली व ती दूर करण्यास तेथील पार्लमेंटास 1964 सालीं ठराव करावा लागला. इतकें सोसूनही मराठी त्यांनीं टाकली नाहीं; ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं त्या दूर देशांत चालविलें.

ही हकीकत आम्ही मराठी लोक मोठ्या हौसेनें सांगतों, मात्र तिच्यांतील मर्म लक्षांत घेत नाहीं. शनिवार सोडल्यावांचून त्या लोकांस मराठीच्या घरांत येतां आलें, म्हणूनच तें घर त्यांस आपलें वाटलें.

आतां त्याच पनवेल तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याशीं चला. तेथें गांवापासून अंमळ दूर कातकरी वाड्या आहेत. खैराच्या लांकडापासून कात काढणारे म्हणून हे कातकरी. 1878 च्या जंगलच्या कायद्यानें रान सरकारचें झालें आणि रानावर जगणाऱ्याची वाट बंद होत गेली. आज महाराष्ट्रांतील तीन आदिम जमातींत त्यांची गणना आहे. त्यांची बोली वेगळी आहे, हें विद्वानांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषापाहणीचा मराठीवरील सातवा खंड 1905 सालीं निघाला. त्यांत आगरी, कोळी, ठाकरी यांच्याबरोबर काथोडीचीही नोंद आहे. परंतु ग्रंथांत नोंद झाली आणि शाळेच्या उंबरठ्यावर ती पुसली गेली. कातकरी बोली मराठीच्या जवळची आहे, हेंच तिचें दुर्दैव. ती अगदींच परकी असती, तर गुरुजींनीं तिला निदान दुसरी भाषा मानिलें असतें. जवळची असल्यामुळें ती बिघडलेली मराठी ठरते, आणि तें मूल बुद्धीनें मंद ठरतें. सहा वर्षांच्या पोरास पहिल्याच दिवशीं कळतें कीं, आपली आई बोलते तें चूक आहे. तें गप्प बसतें. पुढें येईनासें होतें. मग अहवालांत लिहिलें जातें कीं, या लोकांस शिक्षणाची गोडी नाहीं.

आगऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या गाण्यांवर सर्व जातींच्या लग्नांत लोक नाचतात. परंतु तीच बोली वर्गांत किंवा कचेरींत ऐकूं आली कीं हंशा पिकतो. नव्या मुंबईसाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या आणि 1984 च्या जानेवारींत त्या जमिनींच्या मोबदल्यासाठीं ज्यांनीं गोळ्या झेलल्या, त्यांची भाषा आम्हांस विनोदापुरती चालते. उतरंड माणसांची असते, आणि भाषेस फक्त तिचा रंग लागतो, असें आमचें मत आहे.

2025 च्या एप्रिलांत पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा सरकारी निर्णय निघाला, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा गदारोळ उठला हें वाचकांस आठवत असेलच. कोवळ्या मुलावर परक्या भाषेचें ओझें घालूं नये, असें तज्ज्ञांनीं सांगितलें, पक्षांनीं सांगितलें. जूनच्या अखेरीस सरकारनें माघार घेतली. आम्हांस तो युक्तिवाद तेव्हां मान्य होता व आजही आहे. पण पुण्यामुंबईच्या मुलासाठीं खरा असलेला युक्तिवाद वाडीवरील मुलाच्या बाबतींत खोटा कसा होतो? 2024 च्या ऑक्टोबरांत अभिजात म्हणून मान मिळविलेल्या भाषेनें या प्रश्नापुढें डोळे मिटूं नयेत.

यावर कित्येक सद्गृहस्थ म्हणतील कीं, कातकऱ्यास कातकरींतच ठेवणें म्हणजे त्यास वाडींत कोंडणें होय. आक्षेप खोटा नाहीं. सातबारा, न्यायालय, दवाखाना सारें प्रमाण मराठींत चालतें आणि ती त्यास आलीच पाहिजे. आम्ही तर म्हणतों, उत्तम आली पाहिजे. परंतु पहिलीं दोन वर्षें घरच्या बोलींत गोष्टी, आंकडे व अक्षरओळख, आणि तिच्या आधारानें हळूहळू मराठी, असा क्रम ठेवला तर कोंडमारा कोणाचा होतो? 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीनें घातलेलें 350 अ हें कलम अल्पसंख्य भाषकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत देण्याची सोय करण्यास राज्यांस सांगतें. 2020 चें शैक्षणिक धोरणही निदान पांचवीपर्यंत, जेथें शक्य तेथें, घरची भाषा हेंच माध्यम असावें असें म्हणतें. बोली कीं भाषा, हा वाद पंडितांनीं सावकाश घालावा. पोरास तेवढा अवकाश नाहीं.

त्यास अवकाश किती थोडा असतो हें वीटभट्टीवर पाहावें. दिवाळी उलटली कीं वाड्या ओस पडतात. कुटुंबें भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्या मुलास वर्गांतील भाषा समजावयास सर्वांत अधिक वेळ हवा, त्यासच शाळेचे थोडे महिने मिळतात. रायगड जिल्हा परिषदेनें प्रत्येक वाडीच्या शाळेंत कातकरी समाजांतील, चार इयत्ता शिकलेली कां होईना, एखादी तरुण बाई वेतन देऊन नेमावी, आणि हंगामांत तीच बाई मुलांमागोमाग भट्टीवर पाठवावी. शाळा जूनमध्यें उघडतात. नेमणुकीचे हुकूम मेमध्यें निघाले पाहिजेत.