तमगा झाडावरचा आणि खरेदीखतावरचा

लिओ टॉलस्टॉयची १८८६ सालची एक गोष्ट अनेकांच्या परिचयाची असेल. पाखोम नावाचा शेतकरी बाश्कीरांच्या मुलुखात जातो. सूर्य मावळायच्या आत पायी जेवढा वेढा घालशील तेवढी जमीन तुझी, असा सौदा ठरतो. हावेपायी तो धावत सुटतो आणि कोसळून मरतो. पाखोमची हाव आपल्या लक्षात राहते. जमीन देणारे बाश्कीर कोण, हे मात्र कुणी विचारत नाही.

बाश्कीर हे रशियातल्या दक्षिण उरल भागातले मुस्लिम लोक. घोडे पाळणारे, रानातला मध काढणारे. १५५२ मध्ये कझान पडल्यानंतर त्यांच्या कबिल्यांनी झार चौथ्या इव्हानची सत्ता मान्य केली. मध आणि लोकरी कातडी यांच्या रूपात ‘यासाक’ हा कर द्यायचा. बदल्यात जमीन कबिल्याकडेच राहणार. या हक्काचे रशियन नाव ‘वोत्चिना’, म्हणजे वडिलोपार्जित. आपल्याकडचे वतन एका घराण्याचे असे. इथे मालक सगळी भावकी.

प्रत्येक कबिल्याची खूण ठरलेली, तिला म्हणत ‘तमगा’. उर्दूत तमगा म्हणजे पदक. शब्द तोच, मूळ तुर्की. मधाच्या पोळ्याच्या झाडावर तमगा कोरला की ते झाड कोणाचे, हे सगळ्यांना कळे.

१६४९ च्या रशियन कायद्याने बाश्कीरांची जमीन विकत घेण्यास मनाई होती. १७३६ मध्ये ती उठली आणि जमिनी कारखानदारांच्या व उमरावांच्या हाती जाऊ लागल्या. लिहिता न येणारे बाश्कीर खरेदीखतावर सही म्हणून तमगाच काढत. ज्या खुणेने झाड राखले, तिनेच रान गेले.

युलाय अझनालिन यांच्या भावकीची जमीन अशीच सीम नदीवरच्या लोखंडाच्या कारखान्यासाठी गेली. ते आणि त्यांचा तरुण मुलगा सलावत १७७३ च्या पुगाचोव्ह बंडात उतरले. दोघांना जन्मठेप झाली. सलावत १८०० मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर कैदेतच वारला. आज उफा शहरात त्याचा घोड्यावरचा भव्य पुतळा आहे.

टॉलस्टॉय स्वतः समारा प्रांतात बाश्कीरांमध्ये राहून घोडीचे आंबवलेले दूध औषध म्हणून पीत असे. १८७१ मध्ये त्याने तिथे जमीनही घेतली. पाखोमच्या वाट्याला अखेर साडेतीन हात जमीन आली. ती गोष्ट पुन्हा वाचताना एवढे आठवावे: पाखोम ज्या जमिनीला वेढा घालत होता, ती एकट्यादुकट्याने विकायची वस्तू कधीच नव्हती.